पायरी आहे, सांभाळा

मी, हेस्टर अमेलिया थर्लो, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार रेक्टरी, लिटल वेनफर्ड, परगणा सफक, हा कागद माझ्या हाताने, जेवणघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत असे बजावले आहे, आणि या घरात एका खोलीतून दुसरीत जायलासुद्धा चढउतार करावी लागते. याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती का वाया गेली ते योग्य जागी सांगेन.

या कागदात मी माझा भाऊ ॲम्ब्रोज याला काहीही देत नाही. वाचणाऱ्याने यावरून आमच्यात भांडण होते असा अर्थ काढू नये. मला जगात त्याच्याशिवाय कोणी नाही, आणि त्याला माझ्याशिवाय. म्हणूनच देत नाही.

कलम पहिले : घर.

घर माझे नाही. हे लिहायची गरज नव्हती, पण वकील श्री. टॉलमॅश म्हणाले, "मिस थर्लो, आधीच्या कागदात तुम्ही दर खोलीचं काय करायचं ते लिहिलंत. खोल्या तुमच्या नाहीत हो." मला माहीत आहे. रेक्टरी ही रेक्टरच्या, म्हणजे गावच्या धर्मगुरूच्या, पदाची असते. माणूस येतो, राहतो, छत गळले तर बादली ठेवतो आणि एक दिवस चर्चच्या अंगणात जाऊन झोपतो. घर पुढच्या रेक्टरची वाट पाहते. आता ती वाटही पाहायची नाही. बिशपांच्या कचेरीने घर विकायला काढले आहे. नव्या धर्मगुरूंसाठी बसस्टॉपमागे बैठे घर बांधले आहे, गरम पाण्याचे. ॲम्ब्रोजने ईस्टरला रेक्टरपदाचा राजीनामा दिला. म्हणजे मी लिहिला आणि त्याने सही केली. सप्टेंबरअखेर, मायकेलमसच्या सणाला, आम्ही किल्ल्या द्यायच्या आहेत.

घर देता येत नसले तरी ते कसे आहे हे सांगण्याला कायद्याची हरकत नसावी. लंडनच्या ज्या दांपत्याने ते घेतले आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

पुढून पाहिले तर हे विटांचे भारदस्त घर आहे. मधोमध दार, वर ओळीने पाच उंच खिडक्या. दोनशे वर्षांपूर्वी हॅनमर नावाचे रेक्टर होते, त्यांच्या बायकोला जुन्या घराची लाज वाटे. म्हणून त्यांनी जुने घर न पाडता त्याच्या पुढ्यात चार नव्या खोल्या आणि ही भिंत उभी केली. मागे गेलात की अजून ते जुने लाकडी घर तसेच आहे, वाकलेल्या तुळयांचे, दाराला डोके लागेल असे. पुढे सरदार आणि मागे शेतकरी, आणि दोघे एकाच धुराड्यावर शेकतात. पुढच्या घराची जमीन उंच आहे आणि मागच्याची खाली. दोन्हींच्या मध्ये एक अंधारा बोळ आहे. बोळाच्या टोकाला जमीन एकदम पाऊण हात खाली जाते. तिथे पायरी आहे. तिच्याबद्दल पुढे येईल, कारण सगळे तिच्यावरच येऊन थांबते.

पाच खिडक्यांपैकी पाचवी खोटी आहे. काळ्या रंगावर पांढऱ्या पट्ट्या ओढून ती भिंतीवर काढलेली आहे. गावात सांगतात की खिडक्यांवरचा कर चुकवायला. खरे म्हणजे तिच्यामागून धुराडे जाते आणि हॅनमरबाईंना चार खिडक्या चालल्या नसत्या. दर काही वर्षांनी तिला रंग द्यावा लागतो, नाहीतर ती आंधळी दिसू लागते. नव्या मालकांनी तो देत जावा एवढी विनंती.

कलम दुसरे : पडदे.

पडदे माझे आहेत. ॲम्ब्रोजला १९२४ साली ही जागा मिळाली तेव्हा मी दोन आठवड्यांसाठी पडदे लावायला आले. किल्ली मिळाली नव्हती. मी रस्त्यावर उभी राहून वरच्या खिडक्या मोजल्या आणि इप्सविचच्या बाजारातून पाच जोड्यांचे निळे कापड घेतले, शिवलेसुद्धा. घर उघडल्यावर मी पाचवी खिडकी शोधत वरच्या मजल्यावर किती फिरले! ॲम्ब्रोज जिन्यात बसून पोट धरून हसत होता. "हेटी," तो म्हणाला, "तू चर्चमध्ये काचेवरच्या देवदूतांनाही चहा घेणार का विचारशील." त्या दोन आठवड्यांना आता सदतीस वर्षे होतील. मध्यंतरी ऑर्गन वाजवणाऱ्या एका गृहस्थांनी मला मागणी घातली होती. ॲम्ब्रोजचे लग्न झाले की करू, असे मी म्हटले. घर मी इतके नीट चालवले की त्याला लग्नाची आठवणच झाली नाही. ते गृहस्थ पुढे नॉरिचला गेले आणि तिथे त्यांना चार मुले झाली असे ऐकते.

चार जोड्या उन्हाने विटल्या आहेत आणि एवढ्या उंच खिडक्या कोणाकडे नाहीत. त्या फाडून फडकी करावीत. पाचवी जोडी ट्रंकेत आहे, घडी न मोडलेली. ती मी आमच्याकडे घरकाम करणाऱ्या डॉर्कस केरिज हिला देते. तिने ती निम्मी कापून तिच्या पुढच्या खोलीच्या खिडकीला लावावी.

कलम तिसरे : किरकोळ.

चांदीची किटली चुलतबहीण हॅरिएट हिला. ती प्रत्येक नाताळला तिच्याकडे बघत चहा पिते. आता बघत बसावे.

मेजर हॅसल, चर्चचे विश्वस्त, यांना उत्तरेकडच्या दालनातली जस्ताची बादली. हे दालन एका रेक्टरने अकरा मुले झाली म्हणून बांधले आणि ते पहिल्या पावसापासून गळते आहे. मेजरसाहेबांनी गावच्या सभेत उभे राहून सांगितले, "इतकी खर्चाची वास्तू ठेवून काय करायचं? दोन म्हाताऱ्या माणसांना एवढं घर हवंच कशाला?" सभेत सगळे माना खाली घालून बसले होते. त्यांतल्या निम्म्यांचे बारसे ॲम्ब्रोजने केले आहे आणि लग्न त्यानेच लावले आहे. बादली मेजरसाहेबांनी आठवण म्हणून ठेवावी.

अभ्यासिकेच्या बाहेरच्या दाराची पितळी मूठ मिस कॉन्स्टन्स पिचर यांना द्यायची इच्छा होती. त्या गावच्या शिक्षिका आहेत. त्या दारातून गावकरी थेट ॲम्ब्रोजकडे येत, पुढच्या दाराने यायची ज्यांना चोरी वाटे ते. कोणाला नोकरीसाठी शिफारस हवी, कोणाच्या मुलीला दिवस गेलेले. पण मूठ स्क्रूने बसवलेली आहे, म्हणून ती माझी नाही.

हे मला कसे कळले ते सांगते. जूनमध्ये बिशपांकडून इमारत तपासनीस आले. हातात खडू. भिंतीला धरून असलेल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी खडूने फुली मारली. कपाटे, मुठी, घंटांच्या तारा, चुलीवरची फळी.

"नियम सोपा आहे," ते म्हणाले. "हत्याराशिवाय निघालं तर तुमचं. हत्यार लागलं तर घराचं."

मी त्यांच्या मागून बोळात गेले. ॲम्ब्रोज पलीकडे स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "पायरी आहे, सांभाळा." त्या दिवशी त्याला माझे नाव आठवत नव्हते. पण या बोळातून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, बिशपांना, कोळसेवाल्याला, शवपेटी उचलणाऱ्यांना, त्याने हे सांगितले आहे आणि अजून सांगतो. तपासनिसांनी पाय ठेवला. पायरी हलली. ते खाली बसले आणि त्यांनी बोटाने ती ढकलून पाहिली.

"अरेच्चा, ही बसवलेली नाहीच. नुसता ओकचा ठोकळा ठेवलाय कुणीतरी."

"मग ती माझी?"

"तुमचीच, मिस थर्लो." त्यांनी खडू खिशात टाकला. "पण या ठोकळ्याचं तुम्ही करणार काय?"

कलम चौथे : पायरी.

ती ओकची पायरी मी डॉर्कस केरिज हिला देते. तिच्याबरोबर बँकेत माझ्या नावावर जे काही निघेल ते, आणि ॲम्ब्रोजचा पलंग, खुर्ची, पुस्तके, चपला, सगळे तिलाच. आता कारण लिहिते.

ॲम्ब्रोजचे मन गेली तीन वर्षे थोडे थोडे करून जात आहे. प्रार्थना गेल्या, गावकऱ्यांची नावे गेली, वार गेले. घर राहिले आहे. त्याला जेवलो की नाही ते आठवत नाही, पण अंधारात तो पलंगावरून उठतो, जिन्याच्या कठड्याचा सैल गोळा चाचपतो, बोळात येतो, पाय खाली टाकतो, पायरी सापडते, मान वाकवतो, तुळई चुकवतो आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी जाऊन बसतो. त्याचे पाय अजून रेक्टर आहेत. मी आणि डॉर्कस त्यांच्याच भरवशावर जगतो.

वसंतात आम्ही त्याला समुद्रकाठच्या एका आश्रमात नेले होते. निवृत्त धर्मगुरूंसाठी आहे, स्वच्छ आणि प्रकाश भरपूर. जमीन सगळीकडे सपाट. प्रत्येक दारात त्याने मान वाकवली. तिथली म्हातारी माणसे हसली, त्यांना तो लवून नमस्कार करतो आहे असे वाटले. मग बोळाच्या टोकाला, जिथे काहीच नव्हते तिथे, त्याने पाय खाली टाकला. जमीन आधीच आली. तो तोंडावर पडला आणि मनगट मोडले.

मी तिथल्या मुख्य बाईंना म्हटले, "याच्या खोलीच्या दाराशी एक पायरी करता येईल का?"

त्या चांगल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "अहो मिस थर्लो, इथे पायऱ्या काढून टाकायला आम्हाला वर्ष लागलं. एकासाठी केली तर बाकीचे पडतील."

त्यांचे बरोबर होते. या सगळ्या प्रकरणात ज्याचे-त्याचे बरोबरच आहे, त्यामुळे मला कोणावर ओरडताही येत नाही. नव्या मालकीणबाई परवा फूटपट्टी घेऊन आल्या होत्या. बोळ पाहून म्हणाल्या, "ही जमीन आधी सरळ करून टाकू. किती धोक्याचं आहे हे!" तेही बरोबर आहे.

तेव्हा डॉर्कस पुढे आली. तिने या घरात लग्नाआधीपासून काम केले आहे. तिचे घर चक्कीच्या रस्त्यावर आहे, छत ठेंगणे, म्हणजे मान वाकवायची सोय आयतीच आहे. सुतार रूबेन गॅरड याने मोजमाप घेऊन सांगितले की तिच्या पुढच्या खोलीत फळ्यांची जमीन घालून ती पाऊण हात उचलता येईल, दाराशी ही पायरी ठेवता येईल आणि पलीकडे स्वयंपाकघर. मायकेलमसच्या आत तो करून देतो म्हणाला. तोवर मी असलेच तर डॉर्कसच्या मागच्या खोलीत राहीन.

डॉर्कसचा नवरा वॉल्टर खूश नाही, आणि ते मी लपवत नाही. "म्हणजे माझ्याच घरात मी गुडघे वाकवून फिरायचं का?" तो म्हणाला.

डॉर्कस म्हणाली, "तू कुठे फिरतोस? खुर्चीतून उठायचं नाव नसतं तुझं."

"आणि रेक्टरसाहेबांना तिथे करमलं नाही तर?"

ते करून पाहता येत नाही, कारण पायरी एकाच वेळी दोन ठिकाणी ठेवता येत नाही. रूबेनने माप घ्यायला ती तासभर नेली, तेवढ्यात ॲम्ब्रोज बोळात आला. मी पोचेपर्यंत त्याचा एक पाय हवेत होता आणि दोन्ही हात भिंतींना. खाली काळोख. मी म्हटले, "मागे ये." तो मागे येईना. पुढेही जाईना. "पायरी कुठे गेली?" तो म्हणाला. "कुणालातरी लागेल." माझ्यात त्याला ओढण्याइतकी ताकद नाही. मी त्याच्या कोटाची कड धरून नुसती उभी राहिले, रूबेन येईपर्यंत. इतके असहाय मला आई गेली तेव्हाही वाटले नव्हते.

माझ्यामागे डॉर्कसने शब्द पाळला नाही, किंवा वॉल्टरने तिला पाळू दिला नाही, तर हा कागद काही करू शकत नाही. मृत्युपत्रात वस्तू देता येते, माणसाला सांभाळण्याची सक्ती करता येत नाही. श्री. टॉलमॅश यांनी हे मला दोनदा समजावले. मला एकदाच समजले होते.

कलम पाचवे : ॲम्ब्रोजला का काही नाही.

पहिल्या मृत्युपत्रात मी सगळे त्याच्याच नावाने ठेवले होते. रूबेन आणि मिस पिचर साक्षीला आले. खुर्च्या सरकल्या, दौत मांडली, मी सही केली. ॲम्ब्रोज बागेत शेंगा खुडत होता. कोणी बोलावले नाही, तरी तो आत आला. टेबलावर कागद, पेन, एका बाजूला उभा पुरुष, एका बाजूला उभी बाई. लग्नाच्या नोंदवहीपाशी चाळीस वर्षे हेच दृश्य पाहिलेला माणूस! त्याने मिस पिचर यांच्या हातातून अलगद पेन घेतले आणि साक्षीदारांच्या जागी सही ठोकली, वळणदार, एकही अक्षर न चुकता. ईस्टरच्या त्या सहीनंतर त्याला स्वतःचे नाव लिहिता आले नव्हते. मग त्याने रूबेनशी हस्तांदोलन केले.

"सुखात राहा," तो म्हणाला. "आणि तिला कोळसा आणायला लावू नकोस."

"नाही लावणार, साहेब," रूबेन म्हणाला. मिस पिचर लाल झाल्या. त्यांचे वय अठ्ठावन्न आहे.

मी ते कौतुकाने श्री. टॉलमॅश यांना सांगितले, तर ते डोके धरून बसले. ज्याला काही मिळायचे आहे त्यानेच साक्ष केली, तर त्याला दिलेले सगळे रद्द होते.

"पण त्याला काय कळतंय, ते कागदावर काय आहे?" मी म्हटले.

"कायद्याला तेवढंही कळत नाही, मिस थर्लो."

दुसऱ्या वेळीही सगळे त्याच्याच नावाने होते, म्हणून डॉर्कसने त्याला बागेच्या टोकाशी नेऊन बसवले आणि पुढचे दार लावले. पण हे घर बाहेरच्या माणसाला आत घेण्यासाठीच बांधलेले आहे. पुढचे दार बंद, तर तो बागेच्या दाराशी गेला. ते बंद, तर अभ्यासिकेच्या दाराने आत आला, गावातल्या कोणत्याही अडलेल्या माणसासारखा, आणि त्याने जेवणघराचे दार वाजवून विचारले, "साहेब आहेत का?" मग त्याला टेबल दिसले आणि त्याचे डोळे उजळले. पेन लपवता आले असते. माझ्याने झाले नाही.

तेव्हा यावेळी सगळे डॉर्कसच्या नावाने आहे, आणि त्याच्या नावाने काही नाही, म्हणजे त्याने कितीही सह्या केल्या तरी कोणाचे काही जाणार नाही. डॉर्कस आणि वॉल्टर सहीच्या वेळी स्वयंपाकघरात बसतील, त्यांनी कशालाही हात लावायचा नाही. दारे सगळी उघडी राहतील. साक्षीदारांसाठी दोन ओळी लागतात. मी तीन आखल्या आहेत.

कलम सहावे : माझी व्यवस्था.

मला चर्चच्या अंगणात पुरावे, पण हॅनमरबाईंच्या शेजारी नको. त्यांची खिडकी मी आयुष्यभर रंगवली आहे. ॲम्ब्रोजला माझ्या अंत्यविधीला आणायचे की नाही हे डॉर्कसने त्या दिवशी त्याच्याकडे पाहून ठरवावे. आणलेच, तर पेन आणि कागद त्याच्यासमोर ठेवू नयेत. माझ्याबद्दल त्याने विचारले, तर हेटी पडदे लावायला वर गेली आहे असे सांगावे.

या कागदाची अंमलबजावणी श्री. टॉलमॅश करतील. वर लिहिले तेवढेच माझे होते, आणि ते मी शुद्धीत असताना दिले. लिटल वेनफर्ड, रेक्टरीचे जेवणघर, २२ ऑगस्ट १९६१.

लिहून देणार :
हेस्टर अमेलिया थर्लो

आम्हा दोघांसमोर तिने सही केली आणि तिच्यासमोर आम्ही :
१. रूबेन गॅरड, सुतार
२. कॉन्स्टन्स पिचर, शिक्षिका

३. ॲम्ब्रोज थर्लो, रेक्टर. वधूवरांना आशीर्वाद. जाताना पायरी आहे, सांभाळा.